हिर्डोशीला न थांबता

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
स्वतःच्या हातानं केलेलं: जीपचा सांगाडा, टप, सायलेन्सर, हॉर्न, दोन्ही दारं (डावं घासतं, वापरून बसेल). इंजिन भंगारातलं, पण खोलून जोडलं मीच. कुणाकडे शिकलो नाही. भोरमध्ये असा दुसरा दाखवा.

संजीवनीला माहेरी, हिर्डोशीला, जाऊन आज एक्केचाळीस दिवस. भांडण वगैरे नाही. ती तिच्या आईला म्हणाली, एकवीस वर्षं सोसतेय. बावीस होतात, एवढंच मी सांगितलं.

लग्नात कबूल केलं होतं, स्वतःच्या गाडीतून वरंध घाट दाखवीन. रविवारी नेणार. फोनवर कळवलं, साडेनऊला रस्त्यावर तयार राहा. बरं म्हणाली.

६ नोव्हेंबर
शेजारची सीट काढून टूलबॉक्स बसवला. घाटात हत्यारं हाताशी हवीत. बंडू वेल्डर बघून गेला. म्हणाला, जगनदादा, वैनी काय टपावर बसनार व्हय? मागं फळी आहे. संजीवनी तक्रार करणारी नाही.

१० नोव्हेंबर, रविवार, दुपारी १२.४०, घाटात
९.३२ला हिर्डोशी. दोन मिनिटं उशीर, धुक्यामुळे. संजीवनी पिशवी घेऊन उभी, शेजारी सासूबाई. थांबणारच होतो. पण तिथं चढ आहे, गाडी बंद पडली असती तर ढकलायला लागली असती. तीही लोकांसमोर. म्हणून हॉर्न दिला. तिनं हात वर केला होता. आरशात पाहिलं तेव्हा खाली घेतला होता.

परतताना घेऊ, हा प्लॅन जास्त बरोबर.

वळणं मोजली. सव्विसाव्यावर इंजिन तापलं. टूलबॉक्समध्ये त्रेचाळीस हत्यारं, पाणी नाही. खाली दरीत नदी, सुतळीएवढी. तिला आवडली असती.

टपरीवाल्यानं पाणी दिलं. तरी चालू होईना. भजी सांगताना तोंडातून दोन प्लेट गेलं. दोन्ही खाल्ल्या.

११ नोव्हेंबर
काल भोरच्या हनुमंतच्या टेम्पोला जीप बांधून खाली आणली. हिर्डोशीला तो चहाला थांबला. संजीवनी रस्त्यालाच होती, तीच पिशवी. सासूबाई म्हणाल्या, सकाळधरनं जेवली न्हाई. संजीवनी जीपमध्ये वाकून बघत राहिली. टूलबॉक्सवरून हात फिरवला. मला वाटलं, काम आवडलं.

मग म्हणाली, राहू द्या हिला हितंच. पाचची एसटी येईल. आपण दोघं घरी जाऊ. तिकीट मी काढते. तुमी फक्त शेजारी बसा.

मी समजावलं, स्वतः बनवलेली गाडी रस्त्यात टाकून एसटीनं जाणारा माणूस मी नाही. पुढच्या रविवारी सीट बसवून येतो.

म्हणाली, नका येऊ.

मग एसटी आली नि गेली. ती चढली नाही.

नोंद बरोबर असावी म्हणून लिहितो. मी ज्याला नाही म्हणालो, ते हे: हिर्डोशी ते भोर, दोन जागा. माझं तिकीट पूर्ण, तिचं अर्धं. पैसे तिच्या मुठीत तयार होते. पंचाहत्तर रुपये.