सहीविना आठ पानं

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे तुमच्याविषयी बोलले, मी बोलले नाही. लोकांना वाटलं, पोरीला रडू येतंय. खरं तर मला माझं एक खोटं आठवत होतं. काल आईनं तुमचा मोबाइल माझ्या हातात दिला आणि आता त्यात रागही मिसळला. म्हणून हे पत्र.

मी सातवीत होते. दर मंगळवारी रात्री नऊ वाजता टीव्हीवर इन्स्पेक्टर कौशलची मालिका लागायची आणि तुम्ही नेमके सेकंड शिफ्टला, प्लांटच्या पंप हाऊसमध्ये. तुम्ही मला लॉगबुकासारख्या रेघा आखून एक वही दिलीत. भाग पाहायचा, काय घडलं ते क्रमानं लिहायचं, काय उरलं तेही लिहायचं. सकाळी चहा पिताना तुम्ही ते वाचायचात आणि पुढच्या पाळीचा माणूस लॉगबुकात करतो तशी खाली सही करायचात: 'चार्ज घेतला'.

एकदा मला डुलकी लागली होती. मधला तुकडा मी मनानं लिहिला; तो पुढच्याशी जुळत नव्हता, तुम्ही लगेच पकडलात. "जे पाह्यलं नाई, ते लिहायचं नाई," म्हणालात. "दुसरा मानूस तुह्या लिहिन्यावर भरोसा ठिवून व्हॉल्व्ह खोलते."

आजही मी रोज डायरी लिहिते, ती त्या वहीमुळे. आणि तरी हे मी केलं!

यंदा ती मालिका मोबाइलवर परत आली. शेवटचा सीझन, आठ भाग. तुम्ही अंथरुणाला खिळलेले. "आपन दोघं संगं पाहू," म्हणालात. एवढंच मागितलं होतंत. मी म्हणाले, तुमच्या डोळ्यांना त्रास होईल, मी पाहून पूर्वीसारखं लिहून आणते. किती काळजीवाहू वाटत होतं ते बोलताना! सिविक सेंटरचं ऑफिस, तिथून तुमच्याकडे, मग नेहरू नगरला घरी जाऊन स्वयंपाक. आठ भागांना वेळ कुठून आणणार होते? हे कारण खरं आहे का, असं मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. नाही. त्याच महिन्यात मी दुसरी एक मालिका अख्खी पाहिली होती.

बाबा, मी एकही भाग पाहिला नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मनानं रचलं, त्याच जुन्या वहीत लिहिलं आणि आठ संध्याकाळी तुम्हाला वाचून दाखवलं. माझा कौशल शेवटी पदक घेऊन गावी जातो.

शेवटच्या संध्याकाळी तुम्ही एकच विचारलंत. "त्या ड्रायव्हरचं काय झालं?"

अगदी सुरुवातीच्या भागांत कौशलनं एका ड्रायव्हरला खुनासाठी जेलात पाठवलं होतं. त्या क्षणी मला तो आठवलाच नाही. "सुटला तो," मी म्हणाले. तुम्ही भिंतीकडे वळलात.

सहीसाठी वही पुढे केली की रोज म्हणायचात, राहू दे. आठही दिवस, राहू दे. मला वाटलं, हात थरथरतो. पण त्याच आठवड्यात पेन्शनच्या कागदावर तुम्ही ठसठशीत सही केली होती. खाली धरायला पाटी मीच दिली होती.

काल तुमचा मोबाइल उघडला, तर त्यात मालिकेचे आठही भाग शेवटपर्यंत पाहिलेले. आई मेथी निवडत होती. तिला विचारलं.

"तू नाई म्हनली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी लावलं त्यायनं," ती म्हणाली. "दोन दुपारीत पाहून टाकलं. मले बी बसवलं संगं."

"मंग मले कावून नाई सांगतलं?"

"मी म्हनलं होतं, सांगा तिले. तर म्हनत, वाचू दे. कुठवर वाचते ते पायतो."

ड्रायव्हरचंही तिनंच सांगितलं. कौशलनं खोटा पंचनामा लिहिला होता. शेवटच्या भागात तो कोर्टात जाऊन कबूल करतो, पण ड्रायव्हर तोवर जेलातच मेलेला असतो. एवढं सांगून आई पुन्हा मेथी निवडू लागली.

पंप हाऊसमध्ये एखादा नवा माणूस खोटं लिहिताना दिसला असता, तर तुम्ही आठ दिवस नुसते पाहत बसला असतात का? तिथेच हात धरला असता. माझा का नाही धरला? माया होती का ती? शिक्षा होती? की मी आपणहून सांगेन याची वाट पाहत होतात? तसं असेल, तर तुम्ही थांबलात आणि मी आलेच नाही. पण बाबा, एक शब्द बोलला असतात तर काय झालं असतं? मी लाजले असते, रडले असते, आणि मग आपण दोघांनी मिळून पहिला भाग लावला असता. तेवढी संधी तुम्ही प्लांटमधल्या कोणालाही दिली असती.

ती पानं फाडून टाकावी असं काल वाटलं. फाडणार नाही. लॉगबुकाचं पान फाडत नाहीत, खाडाखोडही करत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत. एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला चूक करणाऱ्याची सही.

तुम्हाला शब्द देते. त्या आठ पानांवर तशाच रेघा मारीन आणि बाजूला माझी सही करीन. मग आईशेजारी बसून आठही भाग पाहीन आणि जे पाहीन तेवढंच लिहीन. चार्ज घ्यायला कोणी येणार नाही, ठाऊक आहे. पण पुढची पाळी घ्यायला रिलीव्हर आला नाही तर जागा सोडायची नसते.

तुमची,
वंदना