एका फळीवर मावतील तेवढे गेम

यॉर्कटन, १४ मार्च

प्रिय ब्रेंट,

अक्षर ओळखलंस ना? सहा वर्षांनी माझं पाकीट बघून काही वाईट घडलंय असं तुला वाटलं असेल, म्हणून आधीच सांगते, सगळे ठीक आहेत. लारिसा ठीक आहे, मी ठीक आहे आणि माझा नवा गुडघा तर माझ्याहून ठीक आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर मी मुद्द्याचं सोडून हवामानावर जाते हे तुला माहीत आहे. काल उणे अठ्ठावीस होतं. बघ, गेलेच.

बातमी अशी की मी घर सोडतेय. एकाहत्तराव्या वर्षी दारापुढचा बर्फ उपसायचा म्हणजे बर्फाचीच करमणूक. चर्चच्या मागे नवी इमारत झालीय, लिफ्ट आहे, खाली सगळ्यांसाठी मोठं स्वयंपाकघर आहे, तिथे दोन खोल्या घेतल्यात. एक तारखेला जाणार. भांडीकुंडी, वॉल्टरचे कोट, गादीखालच्या रजया, सगळ्याची विल्हेवाट चार दिवसांत लावली. हात अडकला तो व्हिडिओ गेमपाशी. नव्या जागेत टीव्हीखाली एकच फळी आहे. मोजून बारा डब्या मावतात आणि माझ्याकडे आहेत छत्तीस. दारूच्या दुकानातून तीन रिकामी खोकी आणली (दोन चर्चवाल्या बायकांनी मला ती उचलताना पाहिलं, आता काय बोलायचं ते बोलोत) आणि त्यांच्यावर लिहिलं: ठेवायचे, खेळायचे, द्यायचे. पस्तीस गेम गेले आपापल्या खोक्यात. एक राहिला. तो तू दिलेला आहे, आणि त्याचं काय करायचं हे आठवडाभर मला ठरवता येईना.

तशी ही सगळी उठाठेव तुझीच. वॉल्टर गेला, मी विधवा झाले, त्या जानेवारीत मी त्याच्या खुर्चीत बसून असायची, आठवतं? लारिसा फोन करायची, शेजारणी सूप आणून ठेवायच्या आणि मी भिंतीकडे बघायची. एका बुधवारी तू खाणीतली पाळी संपवून, अंगावर पोटॅशची धूळ तशीच घेऊन, काखेत ते गेमचं यंत्र मारून आलास. म्हणालास, "बॉस, आमच्याकडे जागा नाही हो, महिनाभर इथे ठेवू का?" तुमच्या तळघरात जागाच जागा होती, मला काय माहीत नव्हतं? पण मी म्हटलं, ठेव. मग तू सहज म्हणून लावून दाखवलंस, सहज म्हणून एक कंट्रोलर माझ्या हातात दिलास आणि सहज म्हणून तीन तास बसलास. जावई म्हणून तू मला पहिल्या दिवसापासून आवडायचास, पण त्या हिवाळ्यात मी खुर्चीतून उठले ती तुझ्यामुळे. हे तुला मी कधी सांगितलं नाही. आता सांगते.

मग दर बुधवारी तू. लारिसाची हॉस्पिटलात संध्याकाळची पाळी असायची, आपण दोघं मोकळे. मी बटाट्याचं सारण भरून पेरोगी उकडायची, तू अठरा खायचास आणि वर म्हणायचास, आज भूक नाही. त्या गाड्यांच्या शर्यतीत मी दर वळणावर दरीत. तू म्हणायचास, "बॉस, रस्ता डावीकडे आहे, तुमचं लक्ष निसर्गसौंदर्याकडे आहे." ती शर्यत मी 'द्यायचे'मध्ये टाकली, जराही वाईट वाटलं नाही. मासे पकडायचा ठेवलाय. शेतीचा ठेवलाय, त्यात वॉल्टरच्या नावाचा बैल आहे, तो परक्या हाती कसा देऊ? ठोकळे रचायचा ठेवलाय, डॉक्टर म्हणतात डोक्याला बरा. 'खेळायचे'मध्ये जे गेले त्यांची मला लाज वाटते. स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले, डबीवरचं चित्र आवडलं म्हणून घेतलेले, नऊच्या नऊ कोरे. तू सांगायचास, "एक संपवा, मग दुसरा घ्या." ऐकते कोण.

देण्याआधी प्रत्येक गेम एकदा लावून बघायचा आणि आपला साठवलेला खेळ पुसून टाकायचा, ही तुझीच शिस्त. मी ती पाळली. आणि काय दिसलं सांगू? त्या तलवारी आणि जादूच्या मोठ्या गेममध्ये, ज्याच्यावर आपण दोन हिवाळे घातले, माझ्या थैलीत संजीवनीच्या एकसष्ट बाटल्या तशाच पडून आहेत. गेम संपलेला, राजा गादीवर बसलेला, आणि बाटल्यांची बुचंसुद्धा उघडलेली नाहीत. शेवटच्या राक्षसासमोर मी मरायला टेकले होते तेव्हा तू ओरडत होतास, "अहो प्या ना एक. कशाला जपताय?" मी म्हटलं होतं, पुढे याहून मोठा आला तर? तू कपाळावर हात मारून घेतलास. "याच्यापुढे कोणी नाही बॉस, याच्यापुढे नावं येतात, हा गेम कोणी कोणी बनवला त्यांची." मग एकेक करून सगळेच लावून पाहिले. सगळीकडे तेच. शेतीच्या गेममध्ये कोठार भरून उत्तम बी, पेरलेलं नाही. दुसरीकडे सोन्याचे बाण, एकही सोडलेला नाही. असं सगळेच करतात असं तू म्हणायचास, पण माझ्याइतकं कोणी करत नसेल. त्या खोक्यांमध्ये बसून मला रडू आलं, ब्रेंट, कारण तुझे आभारही मी असेच राखून ठेवले होते. पुढे कधीतरी, मोठा प्रसंग आला की. आणि मग तुमचा घटस्फोट झाला.

त्याबद्दल मी तुला दोष दिला नाही आणि लारिसालाही नाही. दोघं चांगली माणसं, एका घरात जमेना, झालं. लारिसा स्वतः म्हणाली होती, कोणाचं काही चुकलं नाही. पण आईने मुलीच्या बाजूने उभं राहायचं असतं, आणि मला वाटलं, एकीची बाजू घ्यायची म्हणजे दुसऱ्याची सोडायची. त्या नोव्हेंबरात, माझ्या वाढदिवसाला, बुधवारच होता, तू पायरीवर येऊन उभा राहिलास. हातात गुंडाळलेली डबी. मी दार उघडलं, पण अर्धंच. काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "आता हे बरं दिसत नाही, ब्रेंट." तू वाद घातला नाहीस. "बरं बॉस," म्हणालास, डबी माझ्या हातात दिलीस, "थंडी आहे, दार लावून घ्या." मी लावून घेतलं. आतून तुझी गाडी निघेपर्यंत उभी होते. निघायला तुला बराच वेळ लागला.

तो हा गेम. वरचा कागद काढला, पण आतलं प्लॅस्टिकचं सील फोडलं नाही. फळीवर मागे, पाठ भिंतीकडे करून ठेवला. आधी वाटायचं, उघडला तर लारिसाशी फितुरी. मग वाटायला लागलं, ज्याला दारातून परत पाठवला त्याची भेट कोणत्या तोंडाने खेळू? सहा वर्षं धूळ पुसली आणि परत तिथेच ठेवला.

गेल्या शनिवारी लारिसा सामान बांधायला आली. तिने डबी बघितली. "आई, हा ब्रेंटने दिलेला ना? अजून फोडला नाहीस?" मी म्हटलं, तुझ्यासाठीच नाही फोडला. ती खाली बसली. "माझ्यासाठी? मी कधी म्हणाले होते तसं?" मी डबीवरची धूळ पुसत बसले. मग ती म्हणाली, "तो माझा नवरा नाही राहिला. तुझा कोण लागतो ते तुझं तू ठरवायचं होतंस, आई. मला वाटायचं, तुलाच तो नकोय." एवढं बोलून टेप घेऊन खोकी बंद करायला लागली. ती आता सॅस्कटूनला असते, सुखात आहे, हे तुला ऐकून बरंच वाटेल असं मी धरून चालते.

तरी मी घाबरटच. काल 'द्यायचे'चं खोकं घेऊन जुन्या गेमच्या दुकानात गेले आणि तुझी डबी त्यावर ठेवली. म्हटलं, जाऊ दे, नव्या जागेत जुनं ओझं नको. दुकानदार गॉर्ड अजून तिथेच आहे, दाढी आता पांढरी झालीय. बाकीचे गेम त्याने भराभर बघितले, तुझ्या डबीशी मात्र थांबला. "ओरिसियाबाई, हा तर सीलबंद आहे. आता मिळत नाही कुठे. फोडू नका हं, असाच ठेवला तर याला चाहते आहेत." सील कुठे फाटलंय का बघायला त्याने डबी उलटी केली आणि चष्मा वर करून मागचं वाचलं. मग हसला. "पण तुमच्याकडे हा आला कसा? हा एकट्याचा नाहीच. दोघं लागतात, शेजारी शेजारी बसून. एकट्याने सुरूच होत नाही." मी म्हटलं, बघू. मागे खरंच तसं छापलेलं होतं, चांगल्या ठळक अक्षरात. मी डबी पर्समध्ये घातली आणि गॉर्डला म्हटलं, हा नाही द्यायचा.

आता सांगते पत्र का लिहिलं. इतकी वर्षं मी समजत होते की तू शेवटची भेट ठेवून गेलास, निरोपाची. ती भेट नव्हती रे. "बुधवारी येत राहू का?" एवढंच तू विचारत होतास, मला संकोच वाटू नये म्हणून तोंडाने न विचारता, आणि मी डबी उलटूनसुद्धा पाहिली नाही. काल घरी येऊन सील फोडलं. नव्या पत्त्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे. तिथला पहिला बुधवार तीन तारखेचा. तुझं आता दुसरं काही असेल, कोणी असेल, राग असेल, तर येऊ नकोस, मला वाईट वाटेल पण मी समजून घेईन. यायचं झालं तर कंट्रोलर तुझा आण, माझ्याकडे एकच आहे. मी सकाळी लावून पाहिला. दुसरा खेळाडू आल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, एवढं लिहून येतं आणि तिथेच थांबतो. उत्तर हो आहे, ब्रेंट. तेव्हाही हो होतं, मला म्हणता आलं नाही.

तुझीच,
ओरिसिया