इस्त्रीखाना सोडायचं फायनल

३ तारीख, सोमवार
ठरलं. इस्त्रीखाना सोडायचा. तळघरात वाफेत उभं राहून हाडांचा भुगा झाला. आज परत मनगट पोळलं. जुन्या डागावरच पोळलं, म्हणून काही कळलं नाही. मालक म्हणाला, बाई, चादरीला डाग नाही ना लागला?
बुटकी आली होती. आधी माझ्याच शेजारी इस्त्रीला उभी असायची, आता स्वतःचं दुकान टाकलंय. म्हणाली, अगं ये की माझ्याकडे. वर रस्त्यावर आहे, खिडकी आहे, पंखा आहे, बसून काम. पंधरा तारखेपर्यंत सांग, नाहीतर दुसरी बघते. म्हटलं, पंधरा कशाला, उद्याच सोडते.

४, मंगळवार
मालकाचं डोकं दुखत होतं. अशा वेळी बोलणं बरं दिसत नाही.

५, बुधवार
आज मालक खुशीत. चांगल्या मूडमधल्या माणसाचा दिवस कशाला नासवा.

७, शुक्रवार, जेवणाची सुट्टी
बुटकीचं दुकान बघून आले. खिडकी फारच मोठी. येणारा-जाणारा आत डोकावतो. पंख्याखाली घाम सुकतो, सर्दी होणार. खुर्चीवर बसून बघितलं तर कंबर दुखली. बुटकी म्हणाली, बसायची सवय नाही तुला, होईल चार दिवसांत. तिचं काय जातंय बोलायला.
तळघर वाईटच. पण कुठे कुठे वाईट आहे ते मला पाठ आहे.
तरी जाणार. फायनल.

८, शनिवार
लेक म्हणाली, आई, रोज जेवताना मालकाला शिव्या घालतेस, तिकडे गेलीस तर जेवताना बोलशील काय? आगाऊ कार्टी. यांना म्हटलं, तुम्ही तरी काही बोला. हे म्हणाले, वाढ आता.

१०, सोमवार
एकदम सोडलं तर मालकाचं काम अडेल. आपल्याला तसलं जमत नाही. एक नवी बाई कामाला लागलीय, माझ्याच वयाची. तिला तयार करते आणि निघते.
शिकवलं. ओल्या चादरीचं टोक हनुवटीखाली धरायचं, पायाने मशीनची पट्टी दाबायची, वाफ सुटली की मान डावीकडे. नवीने विचारलं, डावीकडेच का? म्हटलं, उजवीकडे नळी फुटलीय, थोबाड भाजेल. ती म्हणाली, मग नळी का नाही बदलत? असले प्रश्न विचारत बसलं की काम होत नाही.

१३, गुरुवार
नवी सगळं शिकली. पण कच्ची वाटते. घडी बरी घालते, हातही चालतो. तरी कच्चीच. अजून पंधरा दिवस तरी पाहिजेत.

१५, शनिवार, संध्याकाळ
आज बुटकीला सांगायचं होतं. पाय सुजलेत, तिच्या दुकानापर्यंत कोण जातंय. नवीची वाट तिकडूनच. तिच्याजवळ निरोप दिला, येते म्हणावं, शंभर टक्के येते, फक्त महिनाअखेरीला. तोवर थांब. नवी म्हणाली, आणि तिला थांबायचं नसलं तर? म्हटलं, बुटकीला मी चांगली ओळखते. तू सांग फक्त.

१७, सोमवार
नवी आली नाही.
दुपारी टेम्पोवाला चादरी टाकायला आला, तो म्हणाला, तुमची ती नवी बुटकीच्या दुकानात बसलीय. बुटकीने सांगितलंय म्हणे, निरोपही पोचला आणि बाईही पोचली, दोन्हीबद्दल थँक्यू.
राग यायला पाहिजे होता. थोडा वेळ थांबले. आला नाही. उलट रात्री गाढ झोप लागेल असं वाटलं.
मालक म्हणाला, बाई, नवीचं कामही आता तुम्हीच उरका. बरं म्हटलं.

१८, मंगळवार
मालकाला माझी किंमत कळायला पाहिजे. सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, इथलं काम सोडून चांगल्या जागी जायची संधी आली होती बरं का. तो चादरी मोजत होता. वर न बघता म्हणाला, कोणाला?
म्हटलं, त्या नवीला.