डाव्या पायाचे माप

आधी घटनाक्रम देते. पुढची कलमे त्याशिवाय कळणार नाहीत.

१. माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. चार महिन्यांत हात परत आला, पाय अर्धाच आला.
२. व्यायामासाठी घरी रोइंग मशीन आणले. सरकत्या बैठकीवर बसायचे, पावले समोरच्या तिरक्या पाटीवर पट्ट्याने बांधायची आणि पाटी रेटत मागे सरकायचे.
३. त्या मशीनसाठी वर-खाली होणारा पाय-टेकू मी, जिथे नोकरी करते त्या कारखान्यात, तयार केला. टाच बसण्याच्या दोन वाट्या एकाच दांड्यावर. दांडा नऊ भोकांपैकी हव्या त्या भोकात खिळीने अडकतो.
४. अण्णांच्या डाव्या पावलाचे माप मी ते पलंगावर आडवे असताना घेतले. २४१ मिलिमीटर. त्यावरून चौथे भोक ठरवले, आणि ते चुकून बदलू नये म्हणून खिळीवर स्क्रू घट्ट केला.
५. अण्णा म्हणाले, टाच बसत नाही. मी पुन्हा माप घेतले. पुन्हा पलंगावरच. पुन्हा २४१.
६. नवव्या दिवशी टाच वाटीतून सुटली, पाय पट्ट्यात पिरगळला आणि ते बैठकीवरून खाली पडले. खुब्याचे हाड मोडले.
७. सात आठवड्यांनी ते गेले.

मी, त्यांची धाकटी मुलगी, वय तेहेतीस, अविवाहित, व्यवसाय यंत्रभागांचे आरेखन, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून ठेवते. आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे. वीस तारखेला माझ्या डोक्यातली गाठ काढतील. त्यानंतर बुद्धी ठिकाणावर राहील अशी हमी डॉक्टर देत नाहीत, म्हणून आजच. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तेवढे कोणी घरी येतही नाही.

कलम १. घर. अण्णांच्या दोन खोल्यांतला माझा अर्धा वाटा माझ्या थोरल्या भावाला, दादाला. मोरीचा नळ डावीकडे फिरवल्यावर बंद होतो. तो अण्णांनी बसवला होता आणि विचारले की म्हणायचे, "जगाचे नळ उलटे आहेत." प्लंबर बोलावून तो सरळ करू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक इस्पितळाच्या फिजिओथेरपी विभागाला. तिथल्या बाईंनी अण्णांना डाव्या हातात पुन्हा चमचा धरायला शिकवले.

कलम ३. हत्यारे. अण्णांचा मोजमापाचा व्हर्निअर आणि कानशींचा डबा आमच्या कारखान्यातल्या टर्नर मास्तरांना. पहिल्या दिवशी त्यांनी माझे आरेखन हातात धरून विचारले होते, "मॅडम, हे कागदावरच चालवायचं आहे, की लोखंडातही?" मला राग आला होता. आरेखन चुकलेले होते. पुढे माझी प्रत्येक खिळी त्यांनीच कातली.

कलम ४. कारखान्याच्या साहेबांना काही नाही. पाय-टेकूच्या आरेखनावर 'रचना' या शब्दापुढे त्यांनी स्वतःची सही ठोकली. ती खोडून मागण्याचा माझा विचार होता. आता ती राहू द्यावी असे मोहाने वाटते, पण चूक त्यांची नाही. ती सही खोडावी आणि तिथे माझी घ्यावी.

कलम ५. वहिनीला माझी शिलाईची कात्री. तिने ती तीनदा मागितली आणि तिन्ही वेळा मी "सापडत नाही" म्हटले. ती वरच्या खणात आहे.

कलम ६. हे दादासाठी आहे, म्हणून त्याच्याशीच बोलते.

दादा, अण्णा पडल्यावर तिसऱ्या दिवशी मी मशीन खोलले. डाव्या वाटीच्या मागच्या कडेवरचे रबर झिजलेले होते. म्हणजे टाच नऊ दिवस वाटीत नव्हती, कडेवर होती. अण्णांच्या त्या पायाला जाणीव कमी होती, तरी त्यांना ते कळले होते. मला कळले नाही. झटक्यानंतर पावलाची कमान सैल पडते. भार आला की ती बसते आणि पाऊल लांबते. माप उभे करूनच घ्यायला हवे होते. त्यांचे जुने बूट, झटक्यानंतर चालायला लागल्यावरचे, मी मोजले. आतला ठसा २५० होता. एक भोक खाली घेतले असते तर पुरले असते. भोक होते. स्क्रू मी मारला होता.

पाचव्या दिवशी तू इस्पितळात आलास. तू म्हणालास, "अण्णा, एवढा कसला हट्ट तुमचा? पाय नीट ठेवायला काय झालं होतं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मग तुला म्हणाले, "चुकलं रे माझं. ध्यान नव्हतं."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मला दोन दिवसांपासून माहीत होते. मी थर्मासचे झाकण लावले.

तू खाली गेल्यावर मी म्हटले, "अण्णा, तुम्ही सांगितलं होतं मला, टाच बसत नाही म्हणून."

"सांगितलं होतं खरं."

"मग आत्ता असं का म्हणालात?"

"तुझी पहिली वस्तू आहे ती. पहिल्याच वस्तूला नाट नको. दुसरी नीट कर."

त्यानंतर ते चव्वेचाळीस दिवस होते. तू त्यांच्याशी कामापुरतेच बोललास. मी रोज ठरवायची की आज तुला सांगायचे. ते गेल्यावर तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतास, "हट्टाने गेले हो." मी चहा देत होते. मागच्या महिन्यात जिन्यात तू म्हणालास, "शेवटी मी त्यांच्याशी धड बोललोच नाही गं." मी जिन्यातला दिवा लावला आणि वर आले.

अण्णांचे ध्यान होते. हट्ट माझा होता. हे मी साक्षीदारांसमोर लिहून देते, आणि ज्यांना ज्यांना तू ते सांगितलेस त्यांना हे कलम वाचून दाखवावे.

कलम ७. दुसऱ्या पाय-टेकूची आरेखने, एकूण अकरा पाने, वर सांगितलेल्या फिजिओथेरपी विभागाला विनामूल्य. दोन्ही वाट्या वेगवेगळ्या सरकतात, भोकांत सहा मिलिमीटरचे अंतर आहे आणि स्क्रू नाही. पहिल्या पानावर ठळक लिहिले आहे: 'माप उभे राहून, भार टाकून घ्यावे. वापरणारा टाच बसत नाही म्हणाला तर त्याचे खरे मानावे.' ही ओळ कोणी गाळू नये. हे काम पार पाडण्यासाठी आणि या संपूर्ण मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी दादाला नेमते. तो नको म्हणाला तर मास्तरांना. त्यांनी होकार दिला आहे.

वाचून पाहिले, समजले, सही केली.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार १: (सही) टर्नर, कारखाना
साक्षीदार २: (सही) फिजिओथेरपिस्ट, इस्पितळ
ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ मार्च

प्रत: दादास, हातपोच.

दादा, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. तुला ही प्रत आधी देते आहे, कारण अण्णांकडे परत जाऊन बोलण्याची सोय माझ्यामुळे तुला उरली नाही. माझ्याकडे येऊन बोलण्याची अकरा दिवस आहे. जे बोलायचे ते बोल, मी मध्ये बोलणार नाही. यायचे नसेल तर कलम १ मधला वाटा आणि कलम ७ मधले काम स्वीकारतोस की नाही, एवढेच लेखी कळव. उत्तर नाही असले तरी कळव. अठरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत.