टाचेवरचा तीळ

लाडक्या चिमीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. हॉटेलच्या धोबीखान्यात दिवसभर उभ्याने चादरींना इस्त्री करायची, आणि सध्या उभंच राहवत नाही, एवढंच. माझ्या टाचेवरचा तो काळा तीळ डॉक्टरीणबाईंनी कापून काढला. कातडीचा कॅन्सर निघाला. आईला यातलं अक्षरही वाचून दाखवू नकोस.

मी म्हटलं, "बाई, मी उन्हात जात नाही, रंगानेही ही अशी काळी. हा तर उन्हाने गोऱ्या लोकांना होतो ना, मला कसा होईल?" त्या म्हणाल्या, उन्हात अंग झाकावंच, पण सावळ्या माणसांना हा बहुतेकदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो, आणि तिथे कुणी बघतच नाही. नवा तीळ आला, पसरला, रंग बदलला की लगेच दाखवायचा. मी दोन वर्षं घालवली. आता जांघेत गाठ लागतेय. तो तिथवर पसरलाय का, याचा रिपोर्ट यायचाय.

ते जाऊ दे. मागच्या पत्रात तू हौसेने लिहिलंस, "माझ्याही टाचेवर तीळ आलाय, चांगला वाढतोय. आता मीही परदेशी येणार, तिकीट काढून ठेव!"

अगं, पायावर तीळ असला की परदेशी जायला मिळतं, ही माझी थाप होती. माझा तीळ इथे आल्यावर चार वर्षांनी उगवला.

चिमे, मोठी असून पाया पडते तुझ्या. नवऱ्याला घेऊन उद्याच मोठ्या दवाखान्यात जा. पोरांची परीक्षा, घरचे पाहुणे, काही सांगू नकोस. लाजू नकोस, चप्पल काढ आणि टाच दाखव.

आयुष्यभर तुला थापा मारून हसवलं. एवढं एक खरं मान.

तुझी ताई