कोब्याखालची केबल

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काढा म्हणे! "तुमची ती वायर काढा, नाहीतर जमिनीखाली घाला. रविवारी अंगणात कोबा होतोय." भाऊजींनी उंबऱ्यावरूनच फर्मान सोडलं आणि गेलेसुद्धा. अंगण दोघा भावांचं, पण कोबा कुणाच्या गाडीसाठी? त्यांच्या! आणि वायर नाही ती, केबल आहे. माझ्या टेबलावरच्या रेडिओपासून कुंपणाजवळच्या खांबावर अँटेना आहे, तिथपर्यंत जाते. इतकी वर्षं डोक्यावरून गेली, कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. जाऊबाई तिच्यावर टॉवेल वाळत घालतात तेव्हा बरी चालते!

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "त्याचंही बरोबर आहे." ह्यांच्या लेखी जगात सगळ्यांचंच बरोबर असतं. बायको सोडून.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज दादाशीही भांडले. भाऊजींचा राग होताच, त्यात ह्याने तेल ओतलं.

घशाच्या ऑपरेशनमध्ये दादाचा आवाज गेला तेव्हापासून आमचं बोलणं फक्त रेडिओवर, मोर्समध्ये, टिंब-रेघांच्या टकटकीत. रोज सकाळी, चहाच्या आधी. मराठीच बोलतो, अक्षरं तेवढी इंग्रजी. फोनवर लिहायला सांगितलं तर "बरा आहे" ह्यापलीकडे जात नाही. मोर्सच्या किल्लीवर बोट ठेवलं की मात्र तोच पूर्वीचा वाचाळ दादा! मला अजून 'चिमणी' म्हणतो. प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर लाडात आल्यासारखं ओढतो. हजारात ओळखेन मी तो हात.

तर आज काय बोलतो? डॉक्टरांनी पुन्हा तपासायला बोलावलंय, घशात काहीतरी दिसतंय, आणि हा जाणार नाही! "पुरे झालं आता ते कापाकापीचं." वहिनी सांगून सांगून थकली म्हणे. पुरे झालं कसलं? मी किल्ली आपटून आपटून सांगितलं: गाढव आहेस. तपासून येईपर्यंत मी तुझ्याशी एक अक्षर बोलणार नाही. आणि सेट बंद केला.



शुक्रवार, ७ नोव्हेंबर

खणतेय. एकटी. हे मधूनमधून येऊन "जरा सरळ घे" सांगून जातात. पहार धरायला सांगितली की ह्यांची कंबर धरते.

जाऊबाई गच्चीवरून: "काय, गुप्तधन निघालं का?"

"निघालं तर तुमच्या कोब्यात घालते," म्हटलं.

माती वरून भुसभुशीत, खाली नुसते दगड. हाताला फोड आले. प्रत्येक घाव भाऊजींच्या नावाने घातला, म्हणून तरी खणून झालं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पाइपमधून केबल ओवली आणि कमी पडली! डोक्यावरून सरळ जायची, आता खाली उतरून पुन्हा वर चढायची. एवढं साधं गणित सुचलं नाही, सगळी अक्कल रागात खर्च झालेली. मध्ये तुकडा जोडला, सांध्यावर टेप घट्ट गुंडाळली. जमिनीखाली सांधा ठेवायचा नसतो. माहीत आहे मला! भाऊजींना म्हटलं, "दोन दिवस थांबा, अखंड केबल आणते." तर, "माणसं ठरलीत. कोबा कुणासाठी थांबत नसतो." खांबाजवळ पाइपचं तोंड जमिनीलगत राहिलं. त्यात चिंधी कोंबली.

रविवार, ९ नोव्हेंबर

झाला कोबा. माझ्या खड्ड्यावर गुळगुळीत, राखाडी, थंड. भाऊजी कडेने मिरवतायत, ताजमहाल बांधल्यासारखे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कालपासून सेट चालू केलाय. बोलणार नाही म्हटलं होतं, पण ऐकणार नाही असं कुठे म्हटलं होतं?

आणि काय सांगू, किल्ली क्षणभर दाबून पाहिली तर मीटरचा काटा अगदी जागेवर! डोक्यावरून केबल होती तेव्हासुद्धा इतका चांगला नव्हता. खरखरही कमी. केबल पुरल्याचा एवढा फायदा होईल असं वाटलं नव्हतं. भाऊजींना अर्थात सांगणार नाही.

दादा मात्र नाही. कालही नव्हता.

बुधवार, १२ नोव्हेंबर

शेवटी मीच नाक मुठीत धरून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही! मी रागाच्या भरात काहीतरी म्हणते आणि हा तेच धरून बसतो. लहानपणापासून असाच. एकदा खेळात मी "कट्टी" म्हटलं तर सबंध सुट्टीभर बोलला नव्हता. तेव्हा दहा वर्षांचा होता, आता नातवंडं आहेत! घशात काय वाढतंय ते तपासायचं सोडून रुसून बसलाय. बस!

बाहेर भाऊजी कोब्याला पाणी मारतायत. सकाळी मारतात, संध्याकाळी मारतात. मातीचे बांध घालून तळंच केलंय अंगणाचं. एखाद्या माणसाची कुणी एवढी काळजी घेत नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मी मूर्ख आहे. मूर्ख, मूर्ख!

सकाळी मास्तरांचा फोन. आमच्या रेडिओ क्लबातले सगळ्यात जुने, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. "काय गं, भांडलात का भावंडं? तो रोज तुला हाका मारतो, तू गप्प. मी आपला ऐकतो. म्हटलं, घरच्या भांडणात कशाला पडा. पण आज त्याने हाक मारली नाही, म्हणून विचारलं."

तो रोज हाका मारत होता!

मीटर काय सांगतो? अँटेनाकडून किती परत आलं ते. परत काहीच आलं नाही की समजायचं, सगळं अँटेनाने घेतलं. मी तेच समजले. घेतलं होतं ओल्या केबलने, वाटेतल्या वाटेत! जाणारंही गिळलं, येणारंही गिळलं. खरखर कमी झाली म्हणून मी खूश! नव्या पोरांना मीच बजावत असते, काटा फार शहाण्यासारखा वागायला लागला की आधी केबल तपासा.

धावत खांबाजवळ गेले. पाइपचं तोंड तळ्यात बुडालेलं, चिंधी वर तरंगतेय. सगळं पाणी आत, सांध्यापर्यंत.

भाऊजींवर ओरडले. शेजारचे खिडकीत आले इतकी ओरडले. "फोडा कोबा! आत्ताच्या आत्ता!"

"कोब्याला पाणी नको मारू तर काय दूध पाजू? तोंड उघडं तुम्ही ठेवलंत," म्हणाले.

खरं आहे, म्हणून तर जास्त झोंबलं.

वहिनीला फोन लावला. त्यांच्या घरात फोन तेवढा एकच. कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला! म्हणजे दोघंही रुसलेत? मेसेज लिहिला, पुसला, लिहिला, पुसला. नको. जे बोलायचं ते किल्लीवरच बोलेन.

मास्तरांकडून केबल आणली. खिडकीतून टाकली, कोब्यावरून सरळ खांबापर्यंत नेली. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, कुणी अडखळून पडेल!"

"पडू दे," म्हटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पहिल्याच हाकेला उत्तर आलं. पण हात दादाचा नव्हता.

अडखळत, एकेक अक्षर चाचपडत: "मी वहिनी. हे दवाखान्यात. काल तपासायला गेले. रोज हाका मारल्या, तू बोलेनास, म्हणून गेले. फोन त्यांच्याजवळ आहे, नर्सना लिहून दाखवायला."

वहिनी! जिने जन्मात किल्लीला हात लावला नाही ती! रेडिओवर बोलायचं लायसन्स नाही, काही नाही! कधी शिकलीस, विचारलं.

"आवाज गेला तेव्हाच. रात्रंदिवस टेबलावर बोटं वाजवायचे. कुणाला तरी कळायला नको?"

  मग आधीपेक्षाही हळू:

"काल खाटेच्या कडेवर बोटांनी विचारत होते, चिमणी आता बोलेल का?"