पहेलवानाने निवडलेला माणूस

बाबा, गावात तुमच्यावरून वाद झाला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं नाव काढणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नसेल असं मला वाटायचं, आणि नाव निघालं ते असं. बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर पोट्टे मोबाइलवर बॉक्सिंग बघत बसले होते. कुठला तरी परदेशातला बॉक्सर, जन्मात एकदाही न हरलेला. एकजण म्हणत होता, असा गडी पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणाला, समोर कोण घ्यायचा हे तोच ठरवतो, मग हरेल कसा? निवडून निवडून लढला त्यात कसलं कौतुक? मी वाशिमच्या गाडीची वाट पाहत उभी होते, कान मात्र तिकडेच. तेवढ्यात तिसरा बोलला, "आपल्या पहेलवानाचं बी तसंच हाय ना बे. दरसाल त्या वाडीतल्या एकाच गड्याले धरे आन् पाडे. पडेल मानसाले पाडाले काय लागते?" तो पडेल माणूस म्हणजे तुम्ही. गाडी आली, मी चढले, वाशिम आलं तरी माझे कान तापलेले होते.

पहेलवान कोण हे तुम्हाला सांगायला नको, पण मलाच सगळं एकदा नीट मांडून बघायचं आहे. तो मोठ्या गावातल्या मोठ्या घरचा, त्याच्या एकट्याच्या दुधासाठी म्हशी बांधलेल्या. आपण वाडीतले, हंगामात त्यांच्याच वावरात निंदणाला नि वेचणीला जाणारे. तुम्हाला कुस्तीचा नाद कुठून लागला देव जाणे, कारण तुमचा खुराक म्हणजे भाकरी आणि ठेचा. जत्रेच्या फडात लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आटोपल्या की पहेलवान उतरायचा, मूठभर माती उचलायचा आणि कडेकडेने फिरत ज्याच्याशी लढायचं त्याच्या तळहातावर ठेवायचा. त्याने मूठ मिटली की जोड ठरली. हात उलटा करून माती सांडली की नकार. त्यात कमीपणा नव्हता, भले भले सांडायचे. तुम्ही कधीच सांडली नाही. रिठद असो, अनसिंग असो, पहेलवान गर्दीतून फिरत यायचा आणि तुमच्यासमोर थांबायचा. त्याचं नाव सगळ्या वऱ्हाडात झालं, आणि त्या नावाखाली दरवेळी तुमची पाठ होती.

बाया फडावर जात नसत, म्हणून मी तुमची एकही कुस्ती पाहिली नाही. मला फक्त घरी आलेले तुम्ही आठवता. चुलीपुढे बसलेले, मोडलेल्या कानांत माती भरलेली, आणि मी ओल्या फडक्याच्या टोकाने ती काढते आहे. हरून आलात तरी माझ्यासाठी पुडीत रेवड्या असायच्या. माय भाकरी थापता थापता चिडायची. "काहून जाता तुमी? हात उलटा कराले जोर लागते का?" तुम्ही हसायचात. म्हणायचात, "एवढ्या मानसात त्यानं मले निवडलं. टाकू कसं?" माय भाकरी तव्यावर आपटायची. "कापूस वेचाले बी तोच निवडते तुमाले. तिथी मजुरी त देते." माय तुमच्याहून हुशार होती. त्यांच्या वावरात काम करणारा माणूस त्यांच्या पोराची माती सांडेल कशी, हे तिला दिसत होतं. तुम्हाला दिसत नव्हतं, की दिसत असून तुम्ही त्याला मान म्हणत होता, हे मला अजून कळलेलं नाही.

मग कामरगावकडची ती जत्रा, समोर पहेलवानच. तुम्हाला जीपमध्ये बाजेवर घालून आणलं. मानेखाली कोणाचा तरी फेटा गुंडाळून ठेवला होता आणि तुमचे डोळे उघडे होते. अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं, मान मोडली आहे, जगतील, पण उठणार नाहीत. कुस्तीत चालायचंच, असं सगळे म्हणाले. मला जवळच दिली, मोठ्या गावातच, सकाळ-संध्याकाळ वाडीत येऊन तुमचं करता यावं म्हणून. मी तुम्हाला वरणात भाकरी कुस्करून भरवते आहे, आणि तुमचा उजवा हात गोधडीवर उताणा पडलेला आहे. बोटं अर्धी वळायची, मूठ काही मिटायची नाही. तळहात सारखा पसरलेलाच, कोणी काहीतरी ठेवील म्हणून.

पहेलवान स्वतः कधी आला नाही, पण दर दिवाळीला त्याच्या घरून तुपाचा डबा यायचा. एका वर्षी मी तो उचलला आणि अंगणात नेऊन कुत्र्यापुढे ओतला. माय ओट्यावरून पहेलवानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. तुम्ही आतून ओरडलात. इतका आवाज तुमच्यात शिल्लक आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. "थांब! आन्नाले लाथ मारून राह्यली? आन् ते तोंड बंद करा दोघीबी. हरलेल्या मानसानं कारन सांगू नाइ, त्याच्या घरच्यायनं बी नाइ." कुत्रं तूप चाटत होतं आणि मी अंगणात उभी राहून रडत होते. त्या दिवशी तुमचा मला इतका राग आला, बाबा. मला वाटलं, हा माणूस आडवा पडूनही त्याच्याच वावरात काम करतो आहे.

आता परवाचं. मी ग्रामपंचायतीत निवडून आले आहे. जागा बाईची होती आणि सही करण्यापुरती कोणीतरी हवी होती, म्हणून घरच्यांनी मला उभं केलं. वाडी आणि मोठं गाव मिळून एकच पंचायत. शाळेमागे व्यायामशाळा बांधून झाली आणि तिला पहेलवानाचं नाव द्यावं असा ठराव निघाला. टपरीवरचा वाद ग्रामसभेत यायच्या आधी घराघरांत शिरला. म्हातारे म्हणत, पहेलवानासारखा पहेलवान झाला नाही. तरणे म्हणत, तोलामोलाचे कोण होते त्याच्यासमोर? आणि दोन्हीकडचे मला बघून गप्प व्हायचे. माझी गोची तुमच्या लक्षात येते का? ज्या माणसाला मी आयुष्यभर तळतळाट दिला, त्याने निवडलेले गडी खरे होते असं म्हटलं तरच तुम्ही कोणीतरी होता. त्याचं कौतुक खोटं ठरलं, तर तुम्ही जत्रेतलं बुजगावणं. त्याला खाली ओढायला जावं तर आधी तुम्ही पडता.

म्हणून सभेच्या आदल्या दुपारी मी त्याच्या घरी गेले. तो ओसरीवर खुर्चीत बसला होता. साखरेने एक पाय गुडघ्याखाली कापलेला, डोळ्यांनी फारसं दिसत नाही. सुनेने चहा ठेवला आणि ती आत गेली. मी कोणाची कोण ते सांगितलं. त्याने मान हलवली. मी सरळच विचारलं, "इतले गडी राहत होते फडात. हरेक वक्ती माह्याच बापाले माती काहून देत होते तुमी?"

त्याने चाचपून आपला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "खरं सांगू का? मले भेव लागे. बाकीच्यायले माहीत राहे आपन पडतो, म्हनून पडाच्या आंधी ते बोट मोडत, डोयात माती घालत. तुहा बाप सरय लढे, दगा करे नाइ. त्याच्यासंग उतरलो का मी घरी धड जाईन हे मले माहीत राहे."

"म्हंजे तो सोपा होता."

"सोपा नोयता, बाई. भला होता."

मी उठणार होते. तेवढ्यात तोच म्हणाला, "त्या दिवशी तो हरून नोयता राह्यला." मी तशीच बसले. "त्यानं मले खाली घेतलं होतं. पाठ लागाले चार बोटं राह्यली होती माही. पुरं वऱ्हाड पाहून राह्यलं होतं. मी कसाबसा उलटलो, त्याले कमरेत उचललं. मान खाली होती त्याची, मले दिसली. सोडाले पायजे होतं." त्याने हाताने हवेत काहीतरी दाबल्यासारखं केलं. "नाइ सोडलं."

मी चहा तसाच ठेवून आले. घरी येऊन भाकरी केल्या, पोरांना जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. पहेलवानाला पुढे खुर्ची दिली होती, खांद्यावर शाल. ठराव वाचला गेला. टपरीवरचाच एक पोरगा उठून म्हणाला, नाव द्या, पण मोठा होता असं सांगू नका, पडेल माणसाला पाडून कोणी मोठा होत नाही. लोक हसले. हसताना दोन-चार जणांनी माझ्याकडे पाहिलं. आणि बाबा, मी उठले. तुम्ही सांगितलेलं मला आठवत होतं. हरलेल्याने कारण सांगू नये, त्याच्या घरच्यांनीही नाही. तरी मी सांगितलं. ओसरीवर जे ऐकलं ते सगळं, चार बोटांसकट, मानेसकट. मध्ये कुठेच थांबले नाही. माझे यजमान पहिल्या रांगेत बसले होते, ते खाली जमिनीकडे बघत होते.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "मेल्या म्हशीले मनभर दूध," आणि पुन्हा हशा झाला. सरपंचांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि पहेलवानालाच विचारलं. त्याने तोंड माझ्या आवाजाच्या बाजूला वळवलं. त्याला मी दिसत नव्हते, पण कुठे उभी आहे ते माहीत होतं. "मले त असं काई याद नाइ, बाई," तो म्हणाला. "तुहा बाप भला मानूस होता. पन त्या दिवशी बी तो खालीच होता."

हात वर झाले. आपल्या वाडीतलेही झाले, त्यांनाही त्याच वावरात जायचं असतं. माझ्या यजमानांचाही झाला. सभा सुटल्यावर ते मला म्हणाले, "कायले गेली मंधात? झाली ना शोभा?" शोभा झालीच होती. पाटी आता लागली आहे, निळ्यावर पांढरी अक्षरं. अनसिंगच्या बाजाराला जाताना ती वाटेतच येते. टपरीवरचा वाद मिटला नाही, फक्त त्यात माझी भर पडली. बापाचं नाव वाढवायला म्हाताऱ्या माणसावर आळ घेतला, असं म्हणतात.

आता तुम्हीच सांगा. तो ओसरीवर खोटं बोलला की सभेत? माझं मत हवं होतं म्हणून मला गोड वाटेल ते बोलला असेल, असाही विचार मी करून पाहिला. पण एका मतासाठी कोणी स्वतःच्या डोक्यावर एवढं पाप ओढून घेईल का? की म्हातारपणी डोकं फिरतं, एका दुपारी एक आठवतं, दुसऱ्या दिवशी दुसरं? त्या वेळी खाली कोण होतं आणि वर कोण, हे दोघांनाच माहीत होतं. त्यातल्या एकाने दोन उत्तरं दिली. दुसऱ्याने इतकी वर्षं छताकडे बघत काढली आणि एकही दिलं नाही. तुम्ही जिंकत होता का, बाबा? जिंकत असाल तर मायला तरी सांगायचं होतं. ती तुम्हाला पडेल समजूनच गेली.

हे पत्र कुठे पाठवण्यासारखं नाही. वाडीतलं आपलं घर पडलं, तिथे आता कोणाची तरी तूर उभी आहे. पण एक गोष्ट मी सभेत सांगितली नाही आणि यजमानांनाही नाही, ती तुम्हाला सांगते. पहेलवान म्हणाला की तुम्ही त्याला खाली घेतलं होतं, तेव्हा मला आनंद झाला. तुमच्या मानेचं तो पुढे सांगत होता आणि मला नीट ऐकूच येत नव्हतं, इतका झाला. ज्या दिवसाने आपलं घर बुडवलं त्याच दिवसाचा आनंद. त्या संध्याकाळी भाकरी थापताना मी एकटीच हसत होते, आणि तुमची मान मला रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवली.